पुसून पुसून खराब होणारी लेन्स

पेंटबॉलच्या मास्कची लेन्स रंगाने फारशी बिघडत नाही. तो रंग पुसताना बिघडते. लोणावळ्याच्या बाजूला एखाद्या साहसी खेळांच्या पार्कात भाड्याचा मास्क चढवला की समोरचं सगळं दुधी दिसतं ना, ती आधीच्या खेळाडूंनी टी-शर्टच्या टोकाने, रुमालाने आणि टिश्यूने अगदी मनापासून केलेल्या सफाईची कमाई असते.

बहुतेक गैरसमजांचं मूळ एकच: लोक या लेन्सला काच समजतात. ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. १९५३ मध्ये जर्मनीत बायरच्या हेरमान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, हे प्लास्टिक जवळजवळ एकाच वेळी तयार केलं. त्याचा मोठा गुण म्हणजे दणका बसला तरी ते तडकन फुटत नाही, किंचित लवतं. इथे तोच गुण हवा असतो. पेंटबॉलची गोळी साधारण ३ ग्रॅमची, १७ मिलिमीटर व्यासाची. बहुतेक मैदानांवर तिच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ३०० फूट असते. हिशोब केला तर सुमारे १२ ज्यूल ऊर्जा होते, म्हणजे एक किलोचं वजन सव्वा मीटरवरून पडावं तेवढी. हे सगळं डोळ्यासमोर काही सेंटिमीटरवर अडवायचं असतं.

पण दणका सोसणाऱ्या या प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ असतो. मातीतला वाळूचा बारीक कण त्यावर सहज ओरखडा काढतो. म्हणून कारखान्यात बाहेरच्या बाजूला कठीण थर देतात आणि चांगल्या लेन्सना आतून धुकं न धरणारा थर. लेन्सची निगा म्हणजे खरं तर या दोन पातळ थरांची निगा.

आता घरातला आरसा आठवा. वर्तमानपत्राचा कागद आणि काच पुसायचा फवारा, झालं काम. हीच सवय मैदानावर येते आणि तिथे दुहेरी नुकसान करते. कागदाखाली अडकलेली धूळ ओरखडे पाडते, आणि फवाऱ्यात अमोनिया असेल (अनेकांत असतो) तर तो पॉलिकार्बोनेटला इजा करतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन यांचं तर नावच नको. लेन्स फ्रेममध्ये जरा वाकवून बसवलेली असते, त्यामुळे कडांना आणि खाचांपाशी तिच्यावर कायम ताण असतो. रसायन नेमकं तिथेच मर्म गाठतं आणि केसासारख्या बारीक रेषा उमटतात. सरळ पाहिलं तर त्या दिसतही नाहीत. लेन्स उजेडाकडे तिरकी धरली की मात्र कडेला चमकतात. अशी लेन्स पुढचा फटका कसा घेईल याचा भरवसा उरत नाही.

‘पण रंग नुसत्या पाण्याने कसा निघेल?’ निघतो, कारण तो भिंतीला लावायचा रंग नसतोच. गोळीचं कवच औषधाच्या कॅप्सूलसारखं जिलेटिनचं. आत मुख्यतः पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे बद्धकोष्ठतेच्या औषधांत वापरतात त्याच जातीचा पदार्थ, आणि खाद्यरंगासारखे रंग. दोन्ही पाण्यात विरघळतात. रंग वाळून कडक झाला असेल तर ओलं, मऊ कापड पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवायचं आणि मग टिपून घ्यायचं. नखाने खरवडायचं नाही. तेलकटपणा राहिलाच तर भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाचा एखादा थेंब पुरतो. कापड स्वच्छ मायक्रोफायबरचं हवं. मागच्या वेळची माती त्यात असेल तर ते सँडपेपरच.

पाणी चालतं म्हटल्यावर काही जण मास्क थेट नळाखाली धरतात. एकेरी लेन्सला त्याने काही होत नाही. पण चांगल्या मास्कमध्ये बहुधा थर्मल लेन्स असते: दोन पातळ पडदे, मध्ये हवेची पोकळी, कडेने फोमची पट्टी. बाहेरचा पडदा थंड असला तरी आतला तेवढा थंड होत नाही, त्यामुळे श्वासातली वाफ त्यावर सहसा साचत नाही. फोममधून पाणी पोकळीत शिरलं की मधोमध पांढुरका डाग पडतो आणि तो बाहेरून पुसताच येत नाही. थर्मल लेन्स बुडवायची नाही, धारेखाली धरायची नाही. ओल्या कापडाने पुसा आणि सावलीत वाळू द्या. हेअर ड्रायर नको, गाडीचा डॅशबोर्डही नको.

आतल्या बाजूला तर शक्यतो हातच लावू नका. तिथला धुकं न धरणारा थर वाफेचे थेंब होऊ देत नाही, ती ओल सपाट पसरवतो. घासला की तो गेला. मग सुरू होतात घरगुती उपाय: थुंकी, शेव्हिंग फोम, साबण. तात्पुरता फरक पडतो, पण उरलासुरला थरही त्या चोळण्यात जातो. ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळणारेही भेटतात. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. दोन ओरखडे घालवायच्या नादात ती अख्ख्या लेन्सवर दोनशे काढते.

पावसाळ्यात, घाटमाथ्याच्या दमट हवेत, कितीही चांगली लेन्स कधीतरी धुरकटतेच. तेव्हा ‘एक सेकंद’ म्हणून मास्क उचलणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. गोळीला तेवढा सेकंद पुष्कळ होतो. दिसत नसेल तर हात वर करून पंचाला हाक मारायची, मैदानाबाहेरच्या सुरक्षित जागेत जायचं आणि तिथेच मास्क काढायचा. एक डाव गेला तर गेला.

‘कुठलाही गॉगल चालतो’ हेही अजून ऐकू येतं. जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर इथे १२ जणांनी हा खेळ पहिल्यांदा खेळला, तेव्हा झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या बंदुका हातात होत्या आणि डोळ्यांवर साधे गॉगल. आज पेंटबॉलसाठी एएसटीएम एफ १७७६ हे स्वतंत्र मानक आहे. मास्कवर ते छापलेलं आहे का, बघून घ्या.

आणि तडा नाही म्हणून लेन्स अजरामर नसते. ऊन आणि रसायनं प्लास्टिकला थकवतात. नियमित खेळणाऱ्यांनी साधारण वर्षाने ती बदलावी असं अनेक उत्पादक सांगतात. तडा दिसला किंवा अगदी जवळून थेट फटका बसला, तर त्याच दिवशी. काढलेली लेन्स कपाटात ‘असू दे’ म्हणून ठेवू नका, नाहीतर पुढच्या सहलीला भाचा तीच लावून जाईल. मार्करने तिच्यावर मोठी फुली मारा आणि कचऱ्यात टाका.