मोसंबीला डोळे काढा!

मांगा शिकायला बसलेला प्रत्येक जण पहिल्यांदा काय काढतो? डोळे! बशीएवढे, पाणीदार, आत दोन पांढरे ठिपके. आठवडाभरात ते जमतातही. आणि मग खरा लोचा सुरू होतो. डोळे झकास, पण त्यांना बघायला समोर काहीच नाही!

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. डोरेमॉन आणि शिनचॅन बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला त्याची वेगळी ओळख नको. टीव्हीवर येण्याआधी दोघंही मांगाच्या पानांवरच जन्मले. मोठ्या डोळ्यांचा फंडा रुजवण्यात ओसामु तेझुका (१९२८-१९८९) यांचा वाटा मोठा. ते डिस्नेचे पक्के फॅन. डोळे मोठे असले की भावना लांबूनही कळते, इतका साधा हिशोब.

माझी पहिली गुरू मात्र निघाली मोसंबी. आमच्या जालना जिल्ह्यात तिला काय तोटा? बॉलपेननं तिच्यावर मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. आता ती फिरवा, खाली झुकवा, वर करा. रेघा कशा वळतात बघा. आडव्या रेघेच्या आधारानं डोळे, उभ्या रेघेवर नाक. डोकं कुठंही वळो, डोळे कुठं जाणार हे मोसंबी बरोब्बर सांगते. खाली हनुवटीचं टोक जोडलं, की चेहरा तयार.

मग अंग. खरा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. मांगातला हिरो बऱ्याचदा त्याहून लांबुळका, आणि ‘चिबी’ नावाचं गुटगुटीत पात्र जेमतेम दोन-तीन डोक्यांचं. कुणी पळतंय असं दाखवायचंय? मागं समांतर रेघा ओढा, एमआयडीसीत ट्रकवर लादलेल्या सळयांसारख्या. झाला स्पीड! खर्च म्हणाल तर एचबी पेन्सिल, काळं जेल पेन आणि एक रफ वही. टॅब्लेट नंतर.

पण एक गंमत आहे. मांगात चेहरे बरेचसे एकसारखेच असतात. पात्रं ओळखू येतात ती केसांवरून आणि उभं राहण्याच्या ढबीवरून. म्हणून ऑफिस सुटल्यावर मी वही घेऊन बसायला लागलो. कधी बस स्टँडवर, कधी मोंढ्यात, कधी चहाच्या टपरीवर. पोतं पाठीवर घेतलेला हमाल, मोबाइल खांद्यात दाबून गाडी चालवणारा भाऊ. एक माणूस, पाच रेघा, वीस सेकंद. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना स्मरणचित्र आठवत असेल. हे तेच, फक्त मार्क नाहीत.

एका रविवारी स्वयंपाकघरात आईला काढलं. पदर खोचलेला, ओट्याला टेकलेला हात, चेहरा रिकामाच. तिनं वही बघितली आणि म्हणाली, ‘ही मीच ना रे?’ उभं राहताना सगळा भार ती डाव्या पायावर टाकत होती. रेघ तशीच आली होती. विचारलं, तेव्हा उजवा गुडघा दुखतो म्हणाली. चार महिने झाले होते, घरात कुणाला बोलली नव्हती. पुढच्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाकी काही न जमो, पण या वहीनं एवढं काम केलं!

‘जपान्यांचं आपल्याला काय करायचंय?’ असं म्हणणारे मित्र असतातच. त्यांना मी अजिंठ्याला नेतो. भोकरदन, सिल्लोड आणि पुढं लेणी. सतरा नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातकाची गोष्ट भिंतीवर रंगवली आहे. तोच राजपुत्र कधी महालात दिसतो, कधी रथात. मध्ये चौकटी नाहीत, तरी गोष्ट पुढं सरकते. डोळे मोठे, कमळाच्या पाकळीसारखे. रेघ अशी की तिनंच खांद्याचा गोलावा दिसावा. पाचव्या शतकातलं हे काम. आणि याच मातीतल्या गौतम बुद्धाची गोष्ट तेझुकांनी १९७२ ते १९८३ या काळात हजारो पानांच्या मांगात सांगितली, चक्क विनोद पेरत. त्यांनी आपली गोष्ट घेतली, मग आपण त्यांची रेघ घ्यायला काय हरकत आहे?

तेव्हा बॉस, हात वळत नाही ही सबब सोडा. नारुटो जरूर गिरवा, त्यानं हात सुटतो. पण रोज एक तरी माणूस समोर बघून काढा. कॅन्टीनमधला, लिफ्टमधला, घरातला. जमलं तर चित्र मिळेल. नाही जमलं तरी त्या माणसाकडं वीस सेकंद नीट बघणं होईल. तेही आजकाल कुठं होतं?