रक्ताचा नमुना कुठे थांबतो?

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावशीचे रक्त तपासणीसाठी घेतले. चौथ्या दिवशी निरोप आला की नमुना खराब झाला, पुन्हा रक्त द्यावे लागेल. मावशीने विचारले, "मंग आधीचं रगत कुठं गेलं?" आम्ही किल्लारीकर. लातूर इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर, रस्ताही बरा. मग नमुना खराब झाला कुठे? चौकशीअंती कळले की रक्त शनिवारी दुपारी घेतले होते आणि नमुने नेणारी गाडी सोमवारी आली.

त्याच सुमारास मी आफ्रिकेतील ड्रोनसेवेवरच्या वादाविषयी वाचत होतो. मावशीच्या प्रश्नामुळे तो वाद मला आपलाच वाटू लागला.

सुरुवात मलावीपासून करू. मार्च २०१६ मध्ये तेथील सरकारने आणि युनिसेफने राजधानी लिलाँग्वे येथे ड्रोनची चाचणी घेतली. एका आरोग्य केंद्रापासून कामुझू मध्यवर्ती रुग्णालयापर्यंतचे अंतर दहा किलोमीटर. न्यायचे होते ते एचआयव्हीबाधित मातांच्या तान्ह्या बाळांच्या रक्ताचे नमुने. उपचार न मिळाल्यास अशा बाधित बाळांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात, म्हणून निदानाची घाई. त्या वेळी नमुना प्रयोगशाळेत पोहोचायला सरासरी ११ दिवस लागत आणि अहवाल परत यायला कधी कधी आठ आठवडे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. ड्रोनने प्रवासाचे सगळे ११ दिवस वाचवले तरी ४५ उरतात. ते दिवस यंत्राच्या रांगेत, संपलेल्या रसायनाच्या प्रतीक्षेत, अहवालाच्या परतीच्या वाटेवर जातात. शिवाय हे नमुने गाळणकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांचे असतात. ते उन्हापावसापासून जपले तर आठवडेही टिकतात, साध्या टपालानेही जाऊ शकतात. म्हणजे उशिराने नासत होते ते बाळाचे आयुष्य, नमुना नव्हे. टीकाकारांनी विचारले, मोटारसायकल का नको? लेसोथो या डोंगराळ देशात रायडर्स फॉर हेल्थ या संस्थेचे मोटारसायकलस्वार हेच काम करत होते.

रवांडाची गोष्ट वेगळी आहे. ऑक्टोबर २०१६ पासून तेथे झिपलाइन कंपनीची छोटी विमाने मुहांगाच्या केंद्रातून रुग्णालयांना रक्तपिशव्या पुरवतात. पिशवी छोट्या छत्रीने अंगणात उतरते. २०२२ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रक्त पोहोचण्याचा वेळ रस्त्याच्या मानाने ६१ टक्क्यांनी कमी झाला आणि मुदत संपून वाया जाणाऱ्या पिशव्या ६७ टक्क्यांनी घटल्या. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाल्यावर तासाचा हिशेब चालत नाही. तेथे विमानाला पर्याय नाही.

तरीही डिसेंबर २०१८ मध्ये घानाच्या संसदेत याच कंपनीच्या कराराला कडाडून विरोध झाला. चार वर्षांचा खर्च सुमारे सव्वा कोटी डॉलर. सुमारे तीन कोटींच्या देशात चालू रुग्णवाहिका जेमतेम ५५ आहेत, याकडे विरोधकांनी बोट दाखवले. डॉक्टरांच्या संघटनेनेही आधी प्राथमिक सेवा सुधारा, असे सुनावले. करार मंजूर झाला, एप्रिल २०१९ मध्ये सेवा सुरू झाली. वर्षभरात करोना आला आणि तीच विमाने खेड्यांतील चाचणीचे नमुने शहरांकडे नेऊ लागली. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या ठरल्या.

आपल्याकडेही हा प्रवास सुरू झाला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासन आणि झिपलाइन यांच्या सेवेची घोषणा झाली. सीरम इन्स्टिट्यूटचे अर्थसाहाय्य होते, पहिली केंद्रे पुणे आणि नंदुरबार भागात ठरली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राचे नवे ड्रोन नियम आले. पुढच्याच महिन्यात शेजारच्या तेलंगणात, विकाराबादला, ड्रोनने औषधे नेण्याच्या चाचण्या झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी सुमारे ३०० लसमात्रा ड्रोनने गेल्या. रस्त्याने चाळीस मिनिटांहून अधिक लागणारे काम नऊ-दहा मिनिटांत झाले.

उडताना रक्त खराब होते का, हा प्रश्नही तपासला गेला आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ५६ जणांचे नमुने उडवून पाहिले. नेहमीच्या चाचण्यांच्या निकालांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. धोका थांबण्यात आणि उष्णतेत असतो. नळीतल्या पेशी जिवंत असतात. त्या साखर खात राहतात, म्हणून वेगळी काळजी न घेतलेल्या नमुन्यात साखर खोटी कमी दिसते. तांबड्या पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटे वाढते. मावशीचे रक्त याच वाटेने गेले असावे.

किल्लारीच्या माणसाला ड्रोनची थट्टा करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झाले, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. सुमारे दहा हजार माणसे गेली. तशा वेळी आकाशातून येणारी रक्ताची एक पिशवीही मोलाची असते. पण त्यानंतर पाऊसही कोसळला होता, आणि जोरदार वाऱ्यापावसात छोटे ड्रोनही जमिनीवरच राहतात. दुसरी आठवण २०१६ ची. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, शहर तगले. त्या गाडीचे उपकार आहेतच, पण तिने लातूरचा पाणीप्रश्न सुटला नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. रक्त, सर्पदंशावरची लस, पुराने तुटलेले गाव यांसाठी ड्रोनची सोय जरूर व्हावी. रोजच्या नमुन्यांसाठी मात्र आधी एक वही ठेवावी आणि तिच्यात चार वेळा लिहाव्यात: रक्त कधी घेतले, कधी निघाले, कधी पोहोचले, अहवाल रुग्णाच्या हाती कधी पडला. सर्वांत मोठा खंड जिथे दिसेल, तिथे पैसा घालावा. २०१७ पासून महालॅबच्या योजनेत सरकारी आरोग्य केंद्रांतले नमुने गोळा होऊन तपासले जातात, म्हणजे साखळी आहे. तिची कच्ची कडी शोधायची आहे.

मावशीच्या बाबतीत ती कडी रविवार होती. रविवारी एक दुचाकी निघाली असती, तर तिला दुसऱ्यांदा हात पुढे करावा लागला नसता.