चाकरीचे गाव आणि निजण्याचे गाव

उन्हाळा लागला की आपल्यापैकी पुष्कळजण महाबळेश्वर-माथेरानला जातात. तेथे सकाळी चहा घेऊन येणारा पोऱ्या रात्री कोठे निजला होता, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्ही ती करीत आलो. आमचे कामच ते.

हा प्रश्न अगदी टोकाला गेलेला पाहावयाचा तर अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या अ‍ॅस्पेन गावाकडे पाहावे. चांदीच्या खाणींवर वाढलेले हे गाव १८९३ साली चांदीचा भाव कोसळताच उतरणीला लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बर्फावरून घसरण्याच्या खेळामुळे पुन्हा वर आले. आज तेथे घरांच्या किमती लक्षावधी डॉलरांत बोलल्या जातात. कारण तेथील जमिनीचा भाव त्या गावच्या मजुरीवर ठरतच नाही. तो ठरतो दूरच्या शहरांत मिळविलेल्या आणि येथे हौसेखातर ओतलेल्या पैशावर. तेव्हा स्वयंपाकी, परिचारिका, शिक्षक ह्यांपैकी कित्येकांनी बिऱ्हाड करावयाचे ते सुमारे ६५ किलोमीटरवरच्या ग्लेनवुड स्प्रिंग्ज गावी, किंवा त्याहूनही लांब. आणि हिवाळ्यात बर्फातून मोटारीने किंवा बसने ये-जा करावयाची.

आम्ही जन्मभर पगारवाढीसाठी भांडलो. पण अशा गावी कितीही पगार वाढवून घेतला तरी तो घरभाड्याला पुरा पडणार नाही, हे आम्हांलाही उशिराच उमगले.

अ‍ॅस्पेनने काही घरे बाजाराबाहेरच काढली. १९८० नंतरच्या दशकात गाव आणि जिल्हा ह्यांनी मिळून गृहसंस्था स्थापिली. आज तिच्या ताब्याखाली सुमारे ३००० घरे आहेत. ज्याने घ्यावयाचे त्याने जिल्ह्यात वर्षाला १५०० तास काम केले पाहिजे. विकताना किंमत महागाईइतकीच वाढते, आणि तीही बहुतेक घरांत वर्षाला ३ टक्क्यांवर नाही. गावात घराची खरेदी झाली की किमतीच्या १ टक्का कर ह्या कामी येतो. तरीही घर विक्रीस निघाले की चिठ्ठ्याच टाकाव्या लागतात.

ह्यात आम्हांला मोलाची वाटते ती किल्लीची गोष्ट. आमच्याकडील एका थंड हवेच्या ठिकाणी एका वेटरने युनियनचा अर्ज भरला, आणि तिसऱ्या दिवशी मालकाने त्याला खोली सोडावयास सांगितले. नोकरी पुढे गेली, छप्पर आधी गेले! पथारी घेऊन तो आमच्या कचेरीत आला, तो महिनाभर तेथेच निजला. अ‍ॅस्पेनच्या नियमात तास मोजतात ते जिल्ह्यातले, एका धन्याचे नव्हेत.

परंतु तेथेही तिढा आहेच. तीस-तीस वर्षे राबलेली माणसे आता निवृत्त होऊन त्याच घरांत राहत आहेत आणि नवा स्वयंपाकी वाट पाहतो आहे. म्हाताऱ्यांना बाहेर काढा असे आम्ही तरी म्हणणार नाही. नवी घरे बांधावीत, तर जिल्ह्याची चार पंचमांशाहून अधिक जमीन केंद्र सरकारची, बहुतेक जंगलच; उरलेल्या चिंचोळ्या खोऱ्यातल्या प्रत्येक तुकड्यावर श्रीमंताचा डोळा.