रोजची गोळी आणि मेंदूतील वीज

शेवगावच्या एस. टी. स्टँडवर एखादा मुलगा फेफरे येऊन कोसळला की काय होते? कोणी कांदा आणतो, कोणी नाकाशी वहाण धरतो, कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दोन-तीन मिनिटांत झटका थांबतो आणि श्रेय वहाणेला मिळते! विद्यार्थी मित्रांनो, बहुतेक झटके आपोआपच थांबतात. आपण त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

पुढचे झटके टाळायचे असतील, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घ्यावी लागते. ती काय करते, हे समजायला थोडेसे भौतिकशास्त्र पुरते.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. पेशीच्या आवरणाच्या आत-बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्ट विभवांतर असते. टॉर्चच्या सेलच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतके. क्षुल्लक वाटते ना? पण आवरणाची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर धरून भागाकार करा. उत्तर येते मीटरला एक कोटी व्होल्ट! कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला तीस लाख व्होल्ट पुरतात.

या आवरणात सोडियम आयनांसाठी दारे असतात. दार उघडले की आयन आत घुसतात, विभवांतर उलटते आणि संदेश पुढे जातो. मग ते दार क्षणभर कुलूपबंद होते. एरवी पेशी आपापल्या कामाप्रमाणे संदेश सोडतात. फेफऱ्यात मात्र असंख्य पेशी एकाच तालात, पुन्हा पुन्हा सोडू लागतात. म्हणजे भूतबाधा नव्हे, देवीचा कोप तर नव्हेच.

या रोगावरचे एक जुने औषध योगायोगाने सापडले. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान हे तरुण डॉक्टर फेफऱ्याच्या रोग्यांजवळच राहत. रात्री झटक्यांच्या गोंधळाने त्यांची झोपमोड होई. त्यांनी रोग्यांना झोपेचे नवे औषध, फिनोबार्बिटोन, दिले. रोगी झोपलेच, पण झटकेही कमी झाले! हे औषध पेशींवरचा आवर वाढवते. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइनचा गुण दाखवला. ते सोडियमच्या दाराचे कुलूप अधिक वेळ टिकवते. त्यामुळे भराभर संदेश सोडणाऱ्या पेशींना लगाम बसतो, शांतपणे काम करणाऱ्यांना फारसा नाही.

आता रोज का घ्यायची? समजा, रोज रात्री ६० मिलिग्रॅम फिनोबार्बिटोन घेतले (आकडा केवळ गणितासाठी) आणि त्याचा अर्धायुकाल चार दिवस आहे. चोवीस तासांनी ८४ टक्के उरते. दुसऱ्या रात्री शरीरात ५० अधिक ६०, म्हणजे ११० मिलिग्रॅम. तिसऱ्या रात्री सुमारे १५३. ही गुणोत्तर श्रेणी ३७५ च्या आसपास स्थिरावते, पण त्याला तीन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात झटका आला, तर औषध फुकट गेले असे समजू नये.

धोका असतो तो वेगळाच. सहा महिने झटका आला नाही, की घरचे म्हणतात, आता कशाला गोळी? किंवा उपवास आला म्हणून ती राहते. औषधाला सरावलेल्या मेंदूतून ते एकाएकी काढून घेतले, तर लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकते. साधारण दोन वर्षे झटक्याविना गेल्यावर डॉक्टर तपासून ठरवतात आणि मात्रा हळूहळूच उतरवतात. सुस्ती येत असेल तर तेही त्यांनाच सांगावे; ते औषध बदलू शकतात.

योग्य औषधाने दहांतील सात जणांचे झटके थांबू शकतात. तरी मुलींच्या बाबतीत रोग लपवला जातो, आणि लपवायचा म्हणजे गोळीही लपूनच घ्यायची, किंवा चुकवायची! वास्तविक हिंदू विवाह कायद्यातला फेफऱ्याचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. कार्बामाझेपिन नियमित घेणाऱ्या प्रौढांत त्याचा अर्धायुकाल साधारण १२ ते १७ तास भरतो. त्याची साधी गोळी दिवसातून एकदाच घेतली, तर चोवीस तासांनी किती उरेल? १२ तास धरून मांडा, म्हणजे डॉक्टर ती दोन-तीनदा का देतात ते कळेल.