तऱ्हाळ्याची पोटिन नाणी

सातवाहनांच्या पोटिन, म्हणजे तांब्यात शिसे-कथील मिसळलेल्या धातूच्या, नाण्यांवर एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व ब्राह्मी लेख, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळे असलेली फुली, दिसते. ठसा सरकल्यामुळे पुष्कळदा राजाचे नाव अर्धवटच उमटते, म्हणून अनेक नाण्यांवरील अक्षरे जुळवून ते वाचावे लागते. आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे 1939 साली सापडलेल्या सुमारे 1600 नाण्यांचा अभ्यास इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी याच चिकाटीने केला आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण असे सातवाहन राजे उजेडात आणले. मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्ण्याच्या शिवारातही असे नाणे सापडल्यास ते घासू नये. गुप्तधनाविषयीच्या 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.