भूल म्हणजे चूक नव्हे

सिझर ठरलं की टाक्यांपेक्षा भुलीची धास्ती जास्त. "भूल उतरलीच नाही तर?" असं बायका हळूच विचारतात. म्हणून आज या शब्दाबद्दलच बोलू.

आपल्याकडे चूकभूल आहे, वाट चुकवणारी रानभूल आहे. दवाखान्यातली भूल मात्र वेदना जाणवू न देणारी. १६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेत, बोस्टनच्या रुग्णालयात, विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला ईथरची वाफ हुंगवली आणि सर्जननी त्याच्या मानेच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. लोक बघतच राहिले. पुढच्याच महिन्यात डॉ. ऑलिव्हर होम्स यांनी या अवस्थेला 'अ‍ॅनेस्थेशिया' हे नाव सुचवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ, संवेदना नसणं. मोठ्या दवाखान्यात 'बधिरीकरण विभाग' अशी पाटी दिसते, तो हाच. मार्च १८४७ मध्ये ईथर कलकत्त्यात पोहोचलंसुद्धा.

ईथर हे झटकन उडून जाणारं पातळ रसायन. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि ठिणगी पडताच पेटते. चांदीकामासाठी गॅसची ज्योत रोज बघणाऱ्या हुपरीकरांना यातला धोका वेगळा सांगायला नको. शिवाय शुद्धीवर आल्यावर उलट्या फार व्हायच्या. म्हणून ते मागे पडलं, नवी औषधं आली.

आता पूर्ण भुलीत माणूस झोपतो. सिझरला बहुतेक वेळा पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. या सुईने जन्मभर कंबर दुखते, ही समजूत खरी नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती सुई न घेतलेल्या बायकांचीही.

खरा धोका वेगळाच. "घोटभर चहाने काय होतंय?" म्हणून आपण पितो आणि लपवतो. भुलीत घशाची राखण थांबते. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. दुधाचा चहा हे अन्नच. त्यासाठी साधारण सहा तास उपास लागतो. चुकून प्यायलात तर सांगा. ऑपरेशन पुढे जाईल, जीव वाचेल.

दमा, चालू गोळ्या, मिश्री, हलणारा दात, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. सासूबाई शेजारी असल्या तरी लाजू नका. ऑपरेशनभर तुमच्या श्वासावर लक्ष ठेवणारं ते माणूस आहे.