शेपटीखालचा पत्रा

सायकल वळवायची तर पुढचे चाक वळवतात. होडी वळवायची तर सुकाणू फिरवतात. पण एक वाहन असे आहे, की त्याला चाकही नाही आणि सुकाणूही नाही. तरी ते ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने पाण्यावरून धावते आणि थोड्याशा जागेत गर्रकन वळते. त्याचे नाव जेट स्की.

गोव्याला किंवा मालवणजवळच्या तारकर्लीला गेला असाल, तर 'वॉटर स्कूटर' तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर बसतात. आज आपण तिच्या चुलत बहिणीची ओळख करून घेणार आहोत. ही जेट स्की उभ्याने चालवायची असते. स्वार मागच्या पसरट भागात उभा राहतो आणि पुढच्या टोकाला बिजागरीने जोडलेल्या लांब दांड्याचे हँडल हातात धरतो.

या वाहनाची कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाची. तो मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत असे. टणक जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडलेले बरे, असे त्याच्या मनात आले आणि १९६० च्या दशकात त्याने पाण्यावरच्या मोटारसायकलीचे नमुने बनवले. १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने त्याच्या कल्पनेवरून उभ्याने चालवायची गाडी विकायला आणली. 'जेट स्की' हे खरे तर कावासाकीचे व्यापारी नाव. पण लोकांच्या तोंडी ते सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांना चिकटले. १९९० मध्ये यामाहा कंपनीची 'सुपरजेट' आली. तिची लांबी सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे एखाद्या पलंगापेक्षा थोडी जास्त.

एवढ्या लहानशा गाडीचे नाक वर राहील की खाली, ती सरळ धावेल की उड्या मारील, हे ठरवण्यात तिच्या शेपटीखालच्या एका धातूच्या पत्र्याचा मोठा वाटा असतो. या पत्र्याला 'राइड प्लेट' म्हणतात. हा पत्रा काय करतो, ते आता पाहू या.

पाणी आत, पाणी बाहेर

गाडीच्या तळाला एक जाळी असते. इंजिनाने फिरणारा पंखा या जाळीतून पाणी आत ओढतो आणि मागच्या अरुंद तोंडातून जोराने फेकतो. न्यूटनचा तिसरा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. पाणी मागे जाते, म्हणून गाडी पुढे जाते. हँडल फिरवले, की हे तोंड डावी-उजवीकडे वळते आणि पाण्याच्या झोताची दिशा बदलते. गाडी वळते ती मुख्यतः यामुळेच.

यातून एक धोक्याची गोष्ट निघते. समोर अडथळा दिसला, की नवशिका स्वार घाबरून इंजिनाचा जोर काढून घेतो. झोत थांबतो आणि मग हँडल कितीही फिरवले, तरी गाडी बहुतांशी सरळच घसरत जाते! वळायचे असेल, तर थोडा तरी झोत चालू हवा, हा या वाहनाचा पहिला धडा आहे.

पंप ज्या पोकळीत बसवलेला असतो, ती पोकळी खालून उघडी असते. ती झाकण्यासाठी जाळीच्या मागे, गाडीच्या शेपटीपर्यंत, बहुधा ॲल्युमिनियमची एक प्लेट स्क्रूंनी घट्ट बसवतात. तीच राइड प्लेट. म्हणजे तिचे पहिले काम झाकणाचे. हे झाकण नीट बसले नाही आणि पुढच्या कडेला फट राहिली, तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो. मग इंजिन नुसतेच भरभर फिरते आणि जोर मात्र कमी होतो. म्हणून कारागीर ही फट लवचीक लुकणाने बुजवतात. पण प्लेटचे खरे महत्त्व तिच्या दुसऱ्या कामात आहे. ते समजण्यासाठी गाडी पाण्यावर कशी टिकते, ते पाहायला हवे.

तरंगणे निराळे, घसरणे निराळे

थांबलेली जेट स्की आर्किमिडीजच्या तत्त्वाने तरंगते. बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलत असते. वेग वाढला, की आणखी एक बल मदतीला येते. तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी तिरपी फेकली, तर ती टप्पे खात जाते ना? खापरी पाण्याला खाली ढकलते आणि पाणी तिला वर ढकलते. तसेच भरधाव गाडीचा तळ पाण्याला खाली दाबतो आणि पाणी गाडीला वर उचलून धरते. मग गाडीचा पुढचा बराचसा भाग पाण्याबाहेर येतो आणि ती केवळ मागच्या भागावर घसरत जाते.

हा मागचा भाग म्हणजे कोणता? तळाची मागची बाजू आणि तिच्यातच बसवलेली राइड प्लेट! धावत्या गाडीचा भार ज्या थोड्याशा जागेवर पेलला जातो, त्या जागेतली ही प्लेट एक मोठी वाटेकरीण आहे.

तरफेचा हिशेब

आता प्लेट थोडी लांब केली तर काय होईल? एक छोटे गणित करू.

समजा, गाडीचा वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर आहे. पाण्याची घनता घनमीटरला १००० किलोग्रॅम धरा. घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, असे केले की दाब येतो चौरस मीटरला १,१२,५०० न्यूटन. प्लेट पाण्याशी जवळजवळ समांतर असल्याने यातला थोडाच अंश तिला वर उचलतो. तो शंभरात तीन भाग धरू. आता ३० सेंटिमीटर रुंदीच्या प्लेटची लांबी मागे १० सेंटिमीटरने वाढवली, तर क्षेत्रफळ वाढले ०.०३ चौरस मीटर, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाएवढे. त्यावर वरच्या दिशेने सुमारे १०० न्यूटन बल मिळेल.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? दहा किलो वजन उचलण्याइतके तर बल! पण हे बल कोठे लागते ते पाहा. ते गाडीच्या अगदी शेवटी, गुरुत्वमध्यापासून समजा ८० सेंटिमीटर मागे लागते. बल गुणिले अंतर केले, की ८० न्यूटन-मीटर हे आघूर्ण मिळते. सी-सॉवर बसलेले लहान मूल जसे दूर सरकून मोठ्या मुलाला उचलते, तसाच हा प्रकार. शेपूट वर उचलली गेली, की नाक खाली येते. ७० किलो वजनाच्या स्वाराला हाच परिणाम साधायचा असता, तर त्याला सुमारे ११ सेंटिमीटर पुढे सरकावे लागले असते. म्हणजे वहीच्या पानाएवढ्या पत्र्याने स्वाराला जणू अर्धे पाऊल पुढे उभे केले!

आता वेग निम्मा करा. बल निम्मे न होता एक-चतुर्थांश होईल, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून संथ गाडीत प्लेटचा फरक फारसा कळत नाही, पण भरधाव गाडीत लगेच जाणवतो.

लांब की आखूड?

आखूड प्लेट असलेल्या गाडीचे नाक हलके असते. जोर दिला, की ते झटकन वर येते. शेपूट सहज बाजूला सरकते, त्यामुळे गिरक्या आणि उड्या मारणे सोपे जाते. कसरती करणाऱ्यांना असे हलके नाकच हवे असते.

पण सरळ मार्गावर वेगाने जाताना हेच हलके नाक त्रास देते. नाक वर आले, की पाण्याला टेकलेला भाग कमी होतो आणि उचलणारे बल मागे सरकते. मग नाक खाली येते. खाली आले, की टेकलेला भाग वाढतो, बल पुढे सरकते आणि नाक पुन्हा वर जाते. गाडी डॉल्फिनसारखी वर-खाली होत धावू लागते. स्वाराचे गुडघे थकतात, वेग कमी होतो आणि एखादी मोठी उडी त्याला पाण्यात फेकून देते.

लांब प्लेट शेपटीला जास्त आधार देते. नाक खाली राहते, उड्या कमी होतात आणि गाडी सरळ धावते. शर्यतीचे स्वार म्हणूनच लांब प्लेट पसंत करतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या हवासू सरोवरात १९८० च्या दशकापासून अनेक वर्षे जेट स्कीच्या जागतिक स्पर्धा भरत आल्या. (लंडनचा जुना पूल दगड दगड सुटा करून १९७१ मध्ये याच गावी पुन्हा उभारला गेला.) अशा शर्यतींत पाण्यावर तरंगत्या खुणा मांडून मार्ग आखतात आणि पुढच्या गाड्यांच्या लाटांनी पाणी घुसळून निघालेले असते. तेथे नाक ताब्यात ठेवणे फार मोलाचे.

मग प्लेट खूपच लांब का करू नये? कारण नाक फार खाली गेले, तर तळाचा जास्त भाग पाण्याला घासतो. घर्षण वाढून वेग घटतो. शिवाय नाक लाटेत घुसले, तर गाडी अचानक अडते किंवा भलतीकडेच वळते, आणि उभा असलेला स्वार जडत्वामुळे पुढे फेकला जातो.

चमच्याचा प्रयोग

लांबीइतकाच महत्त्वाचा असतो प्लेटचा कोन. तो समजण्यासाठी एक प्रयोग करा. नळाची बारीक, सरळ धार सोडा. चमच्याच्या दांड्याचे टोक दोन बोटांत सैल धरून चमचा लोंबता ठेवा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. धार चमच्याला दूर ढकलील असे वाटते ना? उलट चमचा धारेत ओढला जातो! पाणी फुगीर पाठीला बिलगून वळते. चमचा पाण्याला आपल्याकडे वळवतो, म्हणून पाणीही चमच्याला आपल्याकडे ओढते.

प्लेटचे मागचे टोक वरच्या बाजूला वळलेले असेल, तर तिच्याखाली हेच घडते. पाणी टोकाला बिलगून वर वळते आणि शेपटीला खाली ओढते. शेपूट खाली गेली, की नाक वर येते. टोक किंचित खाली झुकवले, तर पाणी खाली ढकलले जाते, शेपूट वर उचलली जाते आणि नाक खाली येते. स्क्रूखाली पातळ वॉशर घालून प्लेटचा कोन थोडासा बदलला, तरी स्वाराला फरक कळतो. काही प्लेटांचे मागचे टोक तर मुद्दाम कमी-जास्त झुकवता येईल असे बनवलेले असते.

काही प्लेटांच्या खाली लांबट उभ्या पट्ट्या असतात. माशाच्या परांप्रमाणे त्या शेपटीला बाजूला घसरू देत नाहीत. त्यामुळे वळणावर गाडी पाण्याला धरून राहते. पण पकड फार झाली, तर गाडी घसरण्याऐवजी एकदम अडते आणि स्वार वळणाच्या बाहेरच्या बाजूला उडतो. गिरक्या घेणाऱ्याला तर सपाट प्लेटच सोयीची.

तेव्हा 'सर्वांत चांगली राइड प्लेट कोणती?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोठे जायचे, पाणी कसे आहे, स्वाराचे वजन किती, हे आधी विचारावे लागते. सरळ धाव मिळवली, तर चपळाईतला थोडा वाटा द्यावा लागतो. चपळाई मिळवली, तर स्थैर्यातला. यंत्र बनवणाऱ्या प्रत्येकाला अशी देवघेव करावीच लागते.

जाता जाता एक कोडे. एका स्वाराची गाडी सरळ मार्गावर उड्या मारत होती. त्याने लांब प्लेट बसवली. उड्या थांबल्या, पण आता नाक लाटांत घुसू लागले. जुनी प्लेट परत न लावता, याच प्लेटमध्ये कोणता लहानसा बदल करावा? चमचा आठवा, म्हणजे उत्तर सापडेल!